अर्धा अंश

नवतप्याचा तिसरा दिवस.
कूलरचा पंप बंद पडलाय, वाळ्याच्या ताट्या नुसत्या खडखडतात,
आणि मी एका सरड्याला उताणा पाडते.

चाचणी एवढीच:
डबा तापवत न्यायचा, हळूहळू,
मधून मधून त्याला पाठीवर टाकायचं
आणि बघायचं, उलटतो का.
लेकरू पालथं पडायला शिकतं तसा
तो एक पाय हवेत खुपसतो, शेपटीचा रेटा देतो
आणि फटकन पोटावर.
एक डोळा माझ्याकडे, एक दाराकडे.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस.
ज्या अंशाला उलटत नाही, तो अंश वहीत
आणि सरडा लगेच ओल्या फडक्यात.
मरू द्यायचा नसतो.
मरणाचा आकडा मला नकोच आहे,
मला हवा त्याच्या जरा अलीकडचा,
जिथे जीव असतो, शुद्धही असते,
फक्त स्वतःला सुलटं करता येत नाही.

पकडून आणतात मनिराम उईके.
बांबूच्या टोकाला मासे धरायच्या दोऱ्याचा फास.
नर उन्हात गळा लाल करून जोर काढत बसलेला असतो,
फास गळ्याशी येतो तरी ऐट सोडत नाही.
"गर्वानं फसते मॅडम, भुकेनं नाही," मनिराम म्हणतात.
हे मी प्रबंधात लिहू शकत नाही.

निम्मे महाराजबागेच्या भिंतीवरचे,
निम्मे मोहप्याच्या संत्राबागेतले.
रात्री दोन वाजताही ज्याची भिंत तव्यासारखी,
त्या शहरानं यांच्या रक्तात काही बदललं का?
सिमेंटचे रस्ते झाले त्याला
माणसाची एकच पिढी झाली,
सरड्यांच्या वीसेक.

उत्तर आलं: अर्धा अंश.
शहरातला सरडा अर्धा अंश जास्त सोसतो.
बत्तीस सरडे, चार उन्हाळे, माझ्या कोपरावरचे चावे,
आणि अर्धा अंश.
तोही वारशाचा की सवयीचा, कुणास ठाऊक.
दोन्हीकडची अंडी एकाच खोलीत उबवावी लागतील,
पिल्लं एकाच उन्हात वाढवावी लागतील,
मग कदाचित.
तोवर वाक्य असं: सांगता येत नाही.
पहिल्या वर्षी हे वाक्य लिहिताना लाज वाटायची.

परवा बर्डीवर मेट्रोच्या खांबाखाली
पाठीवर डबे बांधलेला एक पोरगा बसला, बसला तो आडवाच झाला.
कुणी पाणी ओतलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला.
रसवंतीवाला वाकून विचारत होता, नाव काय रे तुझं? नाव सांग.
पोराचे ओठ हलत होते, नाव येत नव्हतं.
आणि मी, लाज वाटते सांगायला,
मी घड्याळ बघितलं.
तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, चेतन.
मग म्हणाला, ऑर्डर लेट होईन.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणतात.
माझं एक अख्खं प्रकरण याच म्हणीवर उभं आहे:
भिंती, रुंद रस्ते, तुकडे तुकडे झालेली वस्ती,
इकडचं रक्त तिकडे जात नाही, वगैरे.
मोजून झालेल्यांना पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन
होते तिथेच सोडतो आम्ही.

आज सकाळी मनिरामनी हाक मारली.
रस्त्याच्या पलीकडे, गुलमोहराच्या आळ्यात,
डांबर, दुभाजक, बस, ट्रक, सगळं ओलांडून
मरून ठिपका. क्रमांक सतरा.
एक बोट कमी.
"कसा आला असन हा?" मनिराम.
वहीत 'अंतर' असा रकाना आहे, तो भरला.
'कसा' असा रकाना नाही.

फास काढला नाही आम्ही.
दोघंही तिथेच उभे राहिलो उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून,
आणि तो जोर काढत राहिला,
एक, दोन, एक, दोन,
गळा लाल.